चार थरांचे दार

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त दिलेल्या व्याख्यानाचे शब्दरूप)



शताब्दी व्याख्यानमालेत एक पुष्प गुंफावे, विषय तुमच्या आवडीचा घ्यावा, असे कार्यवाहांनी मला कळविले, तेव्हा त्यांच्या मनात संतवाङ्मय किंवा सीमाभागातील मराठी असा काही विषय असणार. मी 'थायरिस्टर' असे उत्तर पाठविले. ते स्वतः घरी आले आणि अत्यंत सौजन्याने विचारते झाले, "सर, हे ग्रंथकाराचे नाव आहे की ग्रंथाचे?" त्यांना दिलेले उत्तर तेच आजचे व्याख्यान आहे.

मी पदार्थविज्ञानाचा माणूस नाही. पंचवीसहून अधिक वर्षे मराठी शिकवीत आलो. हा विषय माझ्याकडे आला तो एका विद्यार्थ्यामुळे. आमच्या तामसीत त्याचे पंप, स्टार्टर आणि पंखे दुरुस्त करण्याचे छोटे दुकान आहे. एके काळी तो माझ्या वर्गात व्युत्पत्ती शिकला होता. मागच्या उन्हाळ्यात घरच्या पंख्याचा रेग्युलेटर बिघडला म्हणून मी तो त्याच्याकडे नेला. त्याने तो उघडला आणि तीन पायांचा एक काळा तुकडा चिमट्याने काढून माझ्या तळहातावर ठेवला. "सर, हा जळला. थायरिस्टरच्या जातीचा आहे. आम्ही बदलतो, पण आत काय होते ते कोणी सांगत नाही. मराठीत याच्यावर काही वाचायला मिळेल का?"

मला उत्तर देता आले नाही. त्याच आठवड्यात मी या ग्रंथालयात आलो. विज्ञानाच्या कपाटातील वीजविषयक पुस्तके उतरवून पाहिली. ती ट्रान्झिस्टर रेडिओच्या दुरुस्तीपाशी येऊन थांबली होती. ज्या वाचकाला आपण भाषेचे मूळ शोधायला शिकविले, त्याच्या हातातल्या वस्तूविषयी त्याच भाषेत द्यायला आपल्याकडे एक पान नसावे, ही गोष्ट मला लागली. मग महाविद्यालयातील विज्ञानाच्या सहकाऱ्यांना मी पुष्कळ त्रास दिला, जे हाती येईल ते वाचले, आणि जे समजले ते आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

आरंभ माझ्या स्वतःच्या प्रांतातून करतो. 'थायरिस्टर' हे नाव दोन नावांच्या संधीतून झाले आहे : थायरेट्रॉन आणि ट्रान्झिस्टर. थायरेट्रॉन ही वायू भरलेली जुनी काचनळी. तिच्या नावात ग्रीक भाषेतला 'थुरा' हा शब्द आहे. त्याचा अर्थ दार. हा 'थुरा', संस्कृतातले 'द्वार', इंग्रजीतले 'डोअर' आणि आपल्या घराचे 'दार' ही सर्व एकाच प्राचीन कुळातली भावंडे होत. तेलुगूनेही 'द्वारमु' संस्कृतातूनच घेतले. तेव्हा ज्याला आपण परका पाहुणा समजलो, तो दूरचा आप्तच निघाला. नावाप्रमाणे त्याचे कामही दाराचेच आहे : विजेला अडविणे आणि सोडणे.

मात्र हे दार निराळ्या स्वभावाचे आहे. एक, ते एकाच दिशेने वाट देते. उलट दिशेने ढकलले तर उघडत नाही. दोन, योग्य दिशेने वीज दाराशी येऊन उभी राहिली तरी ते आपोआप उघडत नाही. कोणीतरी कडी वाजवावी लागते. तीन, कडी वाजविणारा निघून गेला तरी एकदा उघडलेले दार उघडेच राहते. आणि चार, ते बंद व्हायचे तर कडीचा काही उपयोग नसतो. आतून जाणारा प्रवाह ओसरावा लागतो. दगडविटांच्या दारात हे चार गुण एकत्र सापडणार नाहीत. येथे ते बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यात आहेत, आणि तेही काहीएक न हलता. आत बिजागरी नाही, कळ नाही, स्प्रिंग नाही. आहे ते केवळ सिलिकॉन.

सिलिकॉन हे वाळूतले मूलद्रव्य. धातूसारखी वीज ते मोकळेपणी वाहू देत नाही आणि काचेसारखी पूर्ण अडवीतही नाही. म्हणून अशा पदार्थांना मराठीत अर्धसंवाहक किंवा अर्धवाहक म्हणतात. सिलिकॉनच्या प्रत्येक अणूच्या बाहेरच्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन असतात आणि ते शेजाऱ्यांशी हात धरून बसलेले असतात. त्यात फॉस्फरसचे अगदी थोडे अणू मिसळले, तर फॉस्फरसच्या पाचांपैकी एक इलेक्ट्रॉन मोकळा उरतो. अशा थराला 'एन' म्हणतात. बोरॉनचे अणू मिसळले, तर बोरॉनपाशी तीनच असल्यामुळे एका इलेक्ट्रॉनची जागा रिकामी राहते. शेजारचा इलेक्ट्रॉन ती जागा भरायला सरकला की रिकामी जागा मागे सरकते. जणू ती जागाच चालत आहे. अशा थराला 'पी' म्हणतात. पंगतीत एक पाट रिकामा असावा आणि मंडळी एकेक जागा पुढे सरकत गेल्याने तो पाटच मागे मागे जात असल्यासारखा दिसावा, तसे हे आहे.

पी आणि एन एकमेकांस लागून असले की मधल्या सांध्यातून वीज एकाच बाजूने जाते. असे दोन थर म्हणजे डायोड. तीन थर म्हणजे ट्रान्झिस्टर. आणि पी, एन, पी, एन असे चार थर एकावर एक आले की थायरिस्टर होतो. वरच्या पी थराला अॅनोड म्हणतात, तळच्या एन थराला कॅथोड. आतल्या पी थराला एक बारीक तार जोडलेली असते. तिचे नाव गेट. आपण तिलाच कडी म्हणू.

चार थरांत तीन सांधे असतात. अॅनोडकडून कॅथोडकडे वीज जाऊ पाहते तेव्हा पहिला आणि तिसरा सांधा वाट द्यायला तयार असतात, पण मधला सांधा उलटा पडलेला असतो. तो अडवितो. हे झाले बंद दार. आता येथे एक सुंदर योजना आहे. वरचे तीन थर मिळून एक ट्रान्झिस्टर होतो आणि खालचे तीन थर मिळून दुसरा. मधले दोन थर दोघांचे सामाईक असतात. त्यामुळे पहिल्याचे उत्पन्न ते दुसऱ्याचे भांडवल, आणि दुसऱ्याचे उत्पन्न ते पहिल्याचे भांडवल, असा व्यवहार होतो. भांडवल कोणापाशीच नसते तोवर दोघेही स्वस्थ बसून असतात. गेटमधून क्षणभर थोडासा प्रवाह आला की खालच्या ट्रान्झिस्टरला भांडवल मिळते. तो वाढवून वरच्याला देतो, वरचा आणखी वाढवून खालच्याला परत करतो, आणि डोळ्याचे पाते लवायच्या कितीतरी आधी मधला सांधा वाहत्या कणांनी भरून जातो. दार उघडते. आता दोघे एकमेकांना पोसत असतात, म्हणून गेटमधली वीज काढून घेतली तरी बिघडत नाही. मुख्य प्रवाहच एका किमान मर्यादेच्या खाली गेला तर मात्र देणेघेणे तुटते आणि दार मिटते.

हे ज्ञान कोठून आले, तेही थोडक्यात सांगतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९४७ च्या अखेरीस ट्रान्झिस्टर जन्मला. त्याच प्रयोगशाळेतील मोल, टॅनेनबॉम, गोल्डी आणि होलोन्याक यांनी १९५६ मध्ये चार थरांच्या सिलिकॉन कळीवरचा निबंध प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी जनरल इलेक्ट्रिक कंपनीने गेट असलेला थायरिस्टर तयार केला आणि १९५८ मध्ये तो बाजारात आला. यांतील होलोन्याक यांनीच पुढे १९६२ मध्ये डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी दिवा तयार केला.

आता माझ्या पंख्याकडे येऊ. आपल्या घरातील वीज प्रत्यावर्ती, म्हणजे उलटसुलट वाहणारी असते. सेकंदाला पन्नास वेळा तिचे आवर्तन पूर्ण होते, आणि प्रत्येक आवर्तनात ती दोनदा शून्यावर येते. म्हणजे सेकंदाला शंभर वेळा प्रवाह आपणहून ओसरतो आणि थायरिस्टरचे दार आपोआप मिटते. मग आपल्या हाती एकच गोष्ट उरते : प्रत्येक अर्ध्या आवर्तनात कडी केव्हा वाजवायची. लवकर वाजविली तर बहुतेक सारी वीज आत येते आणि पंखा वेगाने फिरतो. उशिरा वाजविली तर शेपटाएवढीच वीज मिळते आणि पंखा मंदावतो. पूर्वीचे मोठे रेग्युलेटर तारेच्या वेटोळ्यात वीज जाळून पंखा मंद करीत. हात लावला तर ते गरम लागत. हा तुकडा वीज जाळीत नाही, वेळ निवडतो. त्याचे नाव ट्रायॅक. दोन थायरिस्टर उलटसुलट दिशांनी एकत्र बांधल्यासारखे त्याचे काम चालते. दार झटक्याने उघडत असल्यामुळे विजेच्या लाटेला धारदार कोपरे पडतात. रेग्युलेटर कमी केला की मध्यम लहरींवरचा रेडिओ गुरगुरतो, तो यामुळेच. आता पंख्यांना धारित्राचे, म्हणजे कपॅसिटरचे, रेग्युलेटरही पुष्कळ बसतात. परंतु आपल्यापैकी अनेकांच्या मोटारसायकलीत हेच चार थर वेगळ्या रूपाने असतात : कपॅसिटरमध्ये साठविलेली वीज थायरिस्टर नेमक्या क्षणी कॉइलमध्ये सोडतो आणि ठिणगी पडते.

येथवरचे सर्व घराच्या उंबरठ्याएवढे झाले. आता मी आपल्याला राज्यांच्या उंबरठ्यावर नेतो. कारण या दाराचे एक फार मोठे रूप आपल्यापासून दूर नसलेल्या भद्रावतीला, चंद्रपूर जिल्ह्यात, उभे आहे.

आपला मुलूख कसा आहे ते आपण जाणतोच. गाव जागचे हलले नाही, राज्ये बदलत गेली. हैदराबाद संस्थान गेले. १९५६ च्या पुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके मराठी मुलखाकडे गेले, आपण आंध्र प्रदेशात राहिलो, आणि २०१४ पासून तेलंगणात आहोत. पैनगंगा ही दोहोंमधली रेघ झाली. या रेघेवर आणखी एक रेघ होती, ती डोळ्यांना दिसत नसे. देशातील वीज पूर्वी पाच प्रादेशिक जाळ्यांत विभागलेली होती. महाराष्ट्र पश्चिमेच्या जाळ्यात होता, आंध्र दक्षिणेच्या. प्रत्येक जाळ्याची कंप्रता, म्हणजे सेकंदाची आवर्तने, पन्नासच्या आसपास. पण कोठे थोडी कमी, कोठे थोडी अधिक, आणि क्षणाक्षणाला बदलणारी. म्हणजे पैनगंगेच्या त्या तीरावरचा दिवा एका ठेक्यावर तेवत होता आणि या तीरावरचा दुसऱ्या. दोन्ही दिवे सारखेच दिसत, परंतु त्यांचा ताल जुळत नसे.

अशी दोन जाळी सरळ तारेने का जोडता येत नाहीत? दोन भजनी मंडळे समोरासमोर बसली आहेत, एकाचा पखवाज किंचित पुढे आणि दुसऱ्याचा किंचित मागे आहे, अशी कल्पना करावी. थोड्याच वेळात एकाची सम दुसऱ्याच्या कालावर येऊन आदळेल. विजेच्या बाबतीत हे आदळणे म्हणजे तारांतून प्रचंड प्रवाहाची उसळी, आणि संरक्षक यंत्रणांनी दोन्हीकडची जाळी तोडणे. एकीकडे वीज शिलकीत आणि दुसरीकडे अंधार असला तरी ती हातउसनी घेता येत नाही, अशी ही अडचण.

यावर तोड निघाली ती अशी. एका जाळ्यातील प्रत्यावर्ती वीज थायरिस्टरांच्या समूहातून न्यायची आणि तिची एकदिश, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, वीज करायची. एकदिश विजेला ठेका नसतो. मग त्याच इमारतीत थायरिस्टरांचा दुसरा समूह घेऊन त्या एकदिश विजेला दुसऱ्या जाळ्याच्या ठेक्यात पुन्हा बांधायचे. मधे लांब वाहिनी नसते. दोन समूह पाठीला पाठ लावून उभे असतात. केवळ थायरिस्टरांवर चालणारे असे पहिले केंद्र कॅनडातील ईल रिव्हर येथे १९७२ मध्ये झाले. भारतात विंध्याचल येथे १९८९ मध्ये पश्चिम आणि उत्तर ही जाळी याच रीतीने जोडली गेली. आणि १९९७-९८ मध्ये भद्रावतीचे केंद्र सुरू झाले : पाचशे मेगावॉटचे दोन संच, एकंदर हजार मेगावॉट. पश्चिमेकडून चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राचा मुलूख आणि दक्षिणेकडून गोदावरी ओलांडून आलेल्या रामगुंडमच्या वाहिन्या, यांची भेट तेथे होऊ लागली. त्याच सुमारास चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची एकदिश वाहिनीही झाली. दीड हजार मेगावॉट वीज सबंध महाराष्ट्र ओलांडून मुंबईच्या दारी नेणे हे तिचे काम. तिच्या दोन्ही टोकांना राखणदार तेच, चार थरांचे.

एक थायरिस्टर काही हजार व्होल्टच पेलतो. म्हणून अशा केंद्रांत ते ओळीने रचलेले असतात आणि त्या सर्वांची कडी एकाच क्षणी वाजावी लागते. एक जरी मागे राहिला तर साऱ्यांचा भार त्याच्यावर पडेल. म्हणून हुकूम प्रकाशतंतूतून, उजेडाच्या स्पंदाने, पोचविला जातो. तापलेल्या थरांना निवविण्यासाठी अतिशुद्ध पाणी खेळवितात. या दारातून प्रवाह नेहमी एकाच दिशेने जातो, हे आपण पाहिले. मग वीज कधी इकडून तिकडे आणि कधी तिकडून इकडे कशी नेतात? प्रवाहाची दिशा तीच ठेवून दोन्ही समूहांच्या कडीची वेळ बदलतात. त्यामुळे विजेच्या दाबाची बाजू उलटते, आणि काल देणारा आज घेणारा होतो.

या रचनेची परीक्षा जुलै २०१२ मध्ये झाली. ३० तारखेला उत्तरेचे जाळे कोसळले आणि ३१ तारखेला उत्तर, पूर्व आणि ईशान्य ही तिन्ही कोसळली. कोट्यवधी लोक अंधारात गेले. पश्चिमेचे जाळे सुटे होऊन तगले. दक्षिणेला येणारी काही वीज थांबली, थोडा भार उतरवावा लागला. पण दक्षिणेचे जाळे पडले नाही. ते इतरांशी केवळ एकदिश दुव्यांनी जोडलेले होते, म्हणून तिकडचा हादरा इकडच्या ठेक्यापर्यंत पोचलाच नाही. दाराने माल पोचविला होता, भूकंप पोचविला नाही. पुढे ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाशी थेट जोडले गेले आणि भारताचा ठेका एक झाला. आता पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरचे दिवे एका तालात तेवतात. भद्रावतीच्या दाराची निकड पूर्वीसारखी राहिली नाही. परंतु ताल जुळण्यापूर्वी सोळा वर्षे देणेघेणे चालू ठेवणाऱ्यांत ते होते. आगगाडीच्या नव्या इंजिनांतून आणि कित्येक यंत्रांतून थायरिस्टरची जागा आयजीबीटी नावाच्या नव्या साधनाने घेतली आहे. तरी जेथे फार मोठी वीज फार दूर न्यायची असते, तेथे चार थर अजून आपले काम करीत आहेत.

मित्रहो, भद्रावतीविषयी वाचताना मला राहून राहून अनुवादाची आठवण येत होती. एका भाषेचा छंद मोडायचा, अर्थ तेवढा मोकळा करून घ्यायचा, आणि तो दुसऱ्या भाषेच्या छंदात पुन्हा बांधायचा. देणाऱ्याने आपला ठेका सोडायचा नाही, घेणाऱ्यानेही नाही. सीमेवरची आपली पिढ्यान्‌पिढ्यांची राहणी हीच आहे. बाजारात तेलुगू, घरी मराठी, सरकारदरबारी एके काळी उर्दू आणि आता तेलुगू-इंग्रजी. आणि या सर्वांमधून अर्थ ने-आण करणारी आपली माणसे. हे ग्रंथालय शंभर वर्षे असेच एक दार होऊन उभे आहे.

पण दाराचा एक नियम आपण आज शिकलो. कडी एकदाच वाजवावी लागते हे खरे. परंतु दार उघडे राहते ते वाहत्या प्रवाहामुळे. प्रवाह किमान मर्यादेखाली गेला की कोणी बंद न करताही ते मिटते. शंभर वर्षांपूर्वी संस्थापकांनी कडी वाजविली. विज्ञानाच्या कपाटातला प्रवाह मात्र ट्रान्झिस्टर रेडिओपाशी आटला, आणि ते दार माझ्या विद्यार्थ्यासमोर मिटलेले होते. दोष कोणा एकाचा म्हणून मी सांगत नाही. असलाच तर प्रथम माझा आहे. भाषा शिकविताना तिने आजची वस्तू समजावून सांगावी, हा आग्रह मी धरला नाही. 'थायरिस्टर'ला नवा मराठी शब्द घडवावा, असाही माझा हट्ट नाही. नाव तेच राहू द्यावे; त्यात आपले दार आहेच. त्याचा उलगडा तेवढा मराठीत हवा.

म्हणून विश्वस्तांपुढे एक विनंती ठेवतो आणि थांबतो. शताब्दीच्या निधीतून विज्ञान आणि यंत्रविद्येच्या पुस्तकांसाठी दरवर्षी काही रक्कम बाजूला काढावी, आणि ती पुस्तके निवडताना गावातल्या मेकॅनिकला आणि वायरमनला बोलावून विचारावे. जेथे मराठी पुस्तक नाही, तेथे आपल्यातल्या जाणत्यांनी दहा पानांची टिपणे लिहून ठेवावीत. पहिले टिपण मी लिहून आणले आहे. हे व्याख्यान म्हणजे त्याचाच विस्तार. त्याची एक प्रत आज ग्रंथपालांच्या स्वाधीन करीत आहे, आणि दुसरी उद्या सकाळी तामसीच्या त्या दुकानात नेऊन देणार आहे. रेग्युलेटर त्याने केव्हाच दुरुस्त करून दिला. उत्तर तेवढे माझ्याकडे राहिले होते.